पळता पळता वळायचं कसं

माझं पोट पळण्यावर चालतं, आणि मी स्वतः मात्र बस सुटत असली तरी पळत नाही. पुण्यातली एक छोटी कंपनी गेम बनवते. मी सोलापुरात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून त्या गेममधल्या माणसाला चालवते, पळवते, थांबवते. माणूस म्हणजे तरी काय, समोर दोन हात आणि मान खाली घातली की दिसणारे दोन पाय. कारण सगळा खेळ त्याच्याच डोळ्यांतून दिसतो, पडदा म्हणजे त्याची नजर. तो पळाला की खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, मीच पळतोय. नातेवाइकांना एवढं सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे कार्टून का?" मी हो म्हणून टाकते. लग्नाच्या पंगतीत कोण समजावत बसणार?

आईला मात्र समजावून सांगावं लागलं नाही. पळणं हा तिचा प्रांत. ती शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती आणि त्याआधी वेळापूरची खो-खो खेळाडू. शाळेत ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, घराचा उंबरा ओलांडला की तोंडात वेळापूर. तिच्या पोटी माझ्यासारखी, खेळाच्या तासाला पोट दुखणारी मुलगी जन्मली, याचं तिला आयुष्यभर नवल वाटत आलंय. पाहुण्यांसमोर ती मला "आमची बैठी खेळाडू" म्हणायची. मला राग यायचा, पण बसल्या जागेवरून उठून भांडावं इतका नाही.

निवृत्त झाल्यावरही तिनं मैदान सोडलं नाही. रोज सकाळी स्कूटी काढून जायची आणि मुलींना खो-खो शिकवायची. कुणी बोलावलं नव्हतं, मानधन वगैरे तर नाहीच. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन सकाळी आठलाच डोक्यात शिरतं, तरी ही बाई धुळीनं माखून, लालबुंद होऊन, आनंदात घरी यायची. बाबा म्हणायचे, "हिला दोन दिवस मैदानावर जाऊ दिलं नाही तर ही आपल्यालाच पळवत सुटेल." गमतीत म्हणायचे, पण खरं होतं ते. एकदा पावसानं मैदानात चिखल झाला तेव्हा तिनं मला जिन्यावरून वरखाली करायला लावलं होतं.

तेव्हा आमच्या गेममध्ये एक खोट होती. माणूस जीव खाऊन पळत असला आणि खेळणाऱ्यानं माऊस झटकला, की तो त्याच क्षणी गर्रकन उलटा व्हायचा आणि त्याच वेगानं मागे पळू लागायचा. ना तोल जाणं, ना पाय घासणं. आई चहा घेऊन वर आली होती, तिनं पडद्यावर ते पाहिलं आणि कप हातातच राहिला.

"हे भूत हाय का माणूस?"

"माणूस आहे."

"मग ह्याला अंग न्हाय व्हय? भरधाव पळताना असं कुणी वळतंय का? तोंडावर आपटंल की."

"तेच तर दुरुस्त करायचंय," मी म्हटलं. "कालच ऑफिसनं सांगितलंय मला."

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. खऱ्या माणसाला वजन असतं. पळता पळता वळायचं तर आधी वेग तोडावा लागतो, अंग आत झुकवावं लागतं, बाहेरचा पाय रोवावा लागतो, मग कुठे दिशा बदलते. पण गेम खेळणाऱ्याच्या बोटाला हे पटत नाही. त्यानं माऊस हलवला की नजर तिकडे गेलीच पाहिजे. जरा उशीर झाला तरी तो म्हणतो, "जड वाटतंय," आणि दुसरा गेम लावतो. खरं दाखवावं तर जड, हलकं करावं तर भूत. या दोघांच्या मधे माझी खुर्ची.

म्हणून मी आईबरोबर मैदानावर जायचं ठरवलं. खऱ्या पळणाऱ्या मुलींचे व्हिडिओ घेऊ, ते एकेक चित्र थांबवत पाहू, आणि शरीर कुठल्या क्रमानं वळतं ते मोजू. आईला इतका आनंद झाला की तिनं त्या सकाळी माझ्यासाठी स्वतः टोपी शोधून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याबरोबर मैदानावर निघाले होते, तेही नोकरीसाठी, पण तिनं तेवढंही गोड मानून घेतलं.

खो-खो ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टीवर मुली ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पळणारीला ओळीतून आरपार कसंही जाता येतं. तिला पकडायला धावणारीला मात्र एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. फिरायचंच असेल तर खांबापर्यंत जायचं आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूनं यायचं. मधेच खांदे मागे वळले की फाउल. आईच्या अंगात हा नियम इतका मुरला होता की बाजारात भाजीवाला मागे राहिला तरी ती पुढच्या चौकापर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूनं यायची, असं बाबा रंगवून सांगायचे.

मी एका मुलीच्या कपाळावर ओढणीनं फोन बांधला, म्हणजे पळताना तिला काय दिसतं ते मिळेल. बाकीच्या मुली हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. दुसरा फोन बाजूला, स्टँडवर. आई मला ऐकू येईल अशा आवाजात त्यांना सांगत होती, "आदी नजर. मग खांदा. मग कंबर. पाय लई शेवटी." हे मीही शिकले होते, अ‍ॅनिमेशनच्या वर्गात, चित्रं काढून. पण वर्गातल्या चित्राला घाम येत नाही. ती मुलगी खांबाला हात घालून वळली तेव्हा तिच्या टाचेखालून उडालेली धूळ माझ्या तोंडात गेली आणि मला आमच्या गेममधला तो गुळगुळीत माणूस एकदम परका वाटला.

त्या दिवसांत आमच्या घरात एक विनोद चालू होता. आमचं घर बैठं, वर एकच खोली. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि घराच्या कडेनं एक बोळ, जो मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत येतो. आई हॉलमधून स्वयंपाकघरात जायची, तिथे पोचल्यावर तिला आठवायचं की चष्मा हॉलमध्येच राहिला. अशा वेळी ती मागे वळायची नाही. तशीच मागच्या दारानं बाहेर पडायची, बोळातून घराला वळसा घालून पुढच्या दारानं हॉलमध्ये यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांनी पेपरमधून डोकं काढून विचारलं, "हे काय?"

"मागं फिरलं की फाउल," आई म्हणाली.

आम्ही तिघंही खूप हसलो. मग ते रोजचंच झालं. ती पुढच्या दारात दिसली की बाबा हात वर करून "पॉइंट!" ओरडायचे. निवृत्तीनंतर बायको पुन्हा खेळाडू झाली, याचा त्यांना अभिमानही होता. मी तर पुण्याच्या आमच्या टीमच्या लीडलासुद्धा मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली, आणि तो म्हणाला, "आपल्या माणसालाही असंच करू या, वळायची भानगडच नको."

व्हिडिओ घेतल्यावर दोन दिवसांनी, भर दुपारी, कूलरसमोर बसून मी ते एकेक चित्र पुढे सरकवत पाहत होते. समोर एक मुलगी धावत येऊन वळत होती. आधी डोळे, मग हनुवटी, मग खांदा, सगळं आईनं सांगितलेल्या क्रमानं. मी आकडे टिपत होते. आणि त्याच चित्रात, मुलीच्या मागे, लांबवर, आई होती. एका खांबाकडे बघत उभी होती आणि तिला दुसऱ्या खांबाकडे वळायचं होतं.

मुलगी वळली, पळाली, चित्राबाहेर गेली. आई अजून वळतच होती. जागच्या जागी इवली इवली पावलं टाकत होती. डोकं, खांदे, कंबर, सगळं एकदम, कपाट सरकवावं तसं.

पहिल्यांदा मला वाटलं, व्हिडिओच बिघडलाय. आमच्या धंद्यात सगळ्याचा संशय आधी यंत्रावर जातो. मी तो पुन्हा लावला. मग दुसरा लावला, तिसरा लावला. मुली सगळ्यांत नीट वळत होत्या. आई कशातच नीट वळत नव्हती. आणि मग मला मागचं दार आठवलं, तो बोळ आठवला, बाबांचं "पॉइंट!" आठवलं. ती खेळत नव्हती. तिला मागे फिरता येत नव्हतं, म्हणून ती पुढे पुढे जात होती.

मी खाली आले. आई ओट्याशी उभी राहून शेंगदाणे कुटत होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "आई, जरा इकडे बघ." तिनं मान वळवली नाही. दोन्ही हातांनी ओटा धरला आणि पावलं मोजल्यासारखी सरकवायला लागली. अर्ध्यात तिच्या लक्षात आलं, मी का हाक मारली ते. ती तशीच थांबली.

"बगितलंस व्हय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं आसंल. पाय चिकटल्यागत व्हतात. सरळ जायला काय न्हाय होत. वळायचं म्हणलं की जिमिनीत रुततात."

"आणि सांगितलं नाहीस?"

मी ओरडलेच. घाबरले की मी ओरडते, ही माझी सवय तिला ठाऊक आहे. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं आसतं तर मैदान बंद केलं आसतं तुमी. स्कूटी काढून घेतली आसती. दुसरं काय बी घ्या, आजाराला मी भीत न्हाय. पर मैदान न्हाय सोडायची मी."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जायचंय." आमच्यात प्रेम हे बहुतेक वेळा हुकुमाच्या आवाजात बोललं जातं.

डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालायला सांगितलं. ती झकास चालली, खेळाडूच्या चालीनं. मग ते म्हणाले, "आता वळून परत या." व्हरांड्याच्या त्या टोकाला माझी आई उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, आणि कितीतरी वेळ ती पाठच दिसत राहिली. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. पुढे तपासण्या झाल्या, पार्किन्सन हे नाव निघालं, गोळ्या सुरू झाल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं, जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, मोठा वळसा घालून वळायचं, पाय उचलून. आईनं घराच्या बोळाची गोष्ट सांगितली तर त्या थक्क झाल्या. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आई म्हणाली, "वेळापूरनं." दवाखान्यात त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता, सगळ्या गल्लीत पंपांच्या मोटारींचा आवाज चालला होता, आणि बाबा हॉलमधलं सोफा-टेबल ओढत होते. भिंतीला चिकटलेलं जेवणाचं टेबल त्यांनी मधोमध आणलं. सोफा हलवला, टीव्ही हलवला, माझ्या आजोळचं लाकडी कपाट शेजाऱ्याला हाक मारून दुसऱ्या खोलीत नेलं. घामाघूम होऊन ते आईला म्हणाले, "बघ. आता टेबलाभोवती फेरी मारली की तू परत स्वयंपाकघरात. बाहेर उन्हात जायला नको." आई टेबलाला वळसा घालून आली. बाबांचा हात सवयीनं वर गेला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तेव्हा आईच म्हणाली, "द्या की पॉइंट. घाबरताय काय?" मग बाबा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते न कळून मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

इकडे माझं काम होत आलं होतं. आमचा माणूस आता माणसासारखा वळू लागला होता. थोडं इकडेतिकडे बघायचं असेल तर मान मोकळी. पण भरधाव पळताना एकदम मागे फिरायला गेलं तर वेग तुटायचा, नजर किंचित कलायची, खाली पाय घासल्याचा आवाज यायचा आणि मग दिशा बदलायची. लीड खूश झाला. खेळून पाहणाऱ्यांपैकी निम्मे म्हणाले, भारी. निम्मे म्हणाले, जड. शेवटी आम्ही दोन्ही ठेवायचं ठरवलं, ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं.

आईला मी मोठ्या हौसेनं वर नेलं. आता ती सावकाश, कठडा धरून जिना चढायची. तिला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला. तिनं नवीन पळणं खेळून पाहिलं. भरधाव जाऊन मागे फिरली, माणसाचा वेग तुटला, पाय घासले. "आता बरोबर हाय," ती म्हणाली. शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली. मला वाटलं, झालं, पावती मिळाली.

मग तिनं विचारलं, "ते आदीचं हाय का? भुताचं?"

"आहे. पण ते खोटं आहे गं. तूच म्हणालीस."

"खोटं तर खोटं. लाव."

मी ते लावलं. आई पळाली, आणि तिनं माऊस झटकला. गर्रकन मागे. पुन्हा झटकला. गर्रकन पुढे. उजवीकडे, डावीकडे, मागे, पुन्हा मागे. पडद्यावरचं जग तिच्याभोवती भिरभिरत होतं आणि ती शाळकरी पोरीसारखी हसत होती. मला बघूनच गरगरलं. पण मी तिला थांबवलं नाही. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले, तिच्या केसांतून हात फिरवत, आणि ती वळत राहिली. मला तेव्हा वाटलं, मी आजवर जेवढी कामं केली त्यातलं हे एकच उपयोगाचं होतं, आणि तेच मी मोडायला निघाले होते.

खूप वेळानं तिनं माऊस ठेवला. "बास," म्हणाली. "आता मला मैदानावर ने."

ती बरेच दिवस गेली नव्हती. औषध लागू पडेपर्यंत थांबा, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तेही दिवस उलटून गेले होते, पण तिचीच पावलं उचलत नव्हती. तिला पडण्याची भीती नव्हती. तिला त्या पोरींसमोर अडकायचं नव्हतं. "ज्या बाईनं वळायला शिकवलं, तीच खांबागत हुबी ऱ्हायली तर काय म्हणतील?" हे तिनं एकदाच, भांडी पुसताना म्हटलं होतं. बाबांनी मला बजावलं, "घेऊन जा. पण मधे मधे करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटीवर मागे बसवून नेलं. मुली तिला पाहून ओरडत धावत आल्या. कुठे होता, कधी आलात, आजारी होता का. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांना ओळीत बसवलं, खेळ सुरू केला. मी भिंतीपाशी सावलीत थांबले. पहिली काही मिनिटं छान गेली. ती एका बाजूला उभी राहून खांबाकडच्या मुलींना ओरडून सांगत होती, तोच पळणारी ओळीतून आरपार पलीकडे, मागच्या खांबाकडे गेली. खेळ सगळा आईच्या पाठीमागे गेला. आईनं वळायला पाय उचलला. तो उठला नाही.

मुली पळायच्या थांबल्या. बसलेल्यांपैकी ज्यांचं तोंड तिच्याकडे होतं त्या बघत राहिल्या, आणि ज्यांचं नव्हतं त्या हळूच मान वळवून बघायला लागल्या. मी सावलीतून कधी निघाले, मला कळलं नाही. बाबांनी बजावलेलं सगळं विसरून मी मैदानात, अगदी तिच्या जवळ पोचले होते, हात पुढे केला होता.

तिनं माझा हात घेतला नाही. ती मुलींना म्हणाली, "पोरींनो, मला एक आजार झालाय. मला झटकन वळता येत नाही. मी खांबाला वळसा घालून पलीकडे येते. तोवर जागा सोडायची नाही."

हे तिनं शाळेतल्या शुद्ध मराठीत सांगितलं. आणि ती निघाली. समोर सरळ, पाय उचलत, खांबापर्यंत. मोठा वळसा घेऊन, एक हात खांबाला लावून, ती पलीकडच्या बाजूला आली. एकही मुलगी जागची हलली नाही. पळणारी होती तिथेच कमरेवर हात ठेवून थांबली होती. आई ओळीच्या मधोमध येऊन उभी राहिली, श्वास घेतला, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि जोरात वाजवली.

मुली उठल्या नाहीत, कारण ती मुलींकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"हितं काय करतीयास?" ती म्हणाली. "खेळ चालू हाय न्हवं? रेषेच्या बाहीर हो."

मी डोळे पुसले आणि रेषेबाहेर गेले.